वाहाका : गुडघे, चरबी आणि मुळे

प्रश्न : डिसेंबरात मुलीकडे अमेरिकेत जातोय, तिथून मेक्सिकोतलं वाहाका बघायचा बेत आहे. आम्ही शाकाहारी, यांचे गुडघे कुरकुरतात. शिवाय हे म्हणतात, जुनं गोवं उशाशी असताना चर्च बघायला एवढ्या लांब कशाला?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, भाऊंना सांगा, सांतो दोमिंगो चर्चचं सोनेरी छत बघून मान दुखेल, पण खरा ऐवज शेजारच्या मठातल्या संग्रहालयात आहे. मोन्ते आल्बानच्या ७ क्रमांकाच्या थडग्यात १९३२ साली सापडलेले मिश्तेक लोकांचे सोन्याचे दागिने तिथे आहेत. आपल्याकडच्या सोनारानंही तोंडात बोट घालावं असं बारीक काम!

मोन्ते आल्बान म्हणजे झापोतेक लोकांनी इसवी सनापूर्वी ५००च्या सुमारास डोंगरमाथा सपाट करून वसवलेलं नगर. सावली जवळजवळ नाहीच, तेव्हा सकाळीच जा. गुडघ्यांसाठी पायऱ्या सोडा, खालच्या पटांगणातूनही पुष्कळ दिसतं. तिथल्या कोरीव शिळांवरच्या वाकड्यातिकड्या माणसांना पूर्वी नर्तक समजत. आता बरेच अभ्यासक त्यांना मारलेले कैदी मानतात.

जेवणाचं मात्र जपून. त्लायुदा ही मोठी, कडक मक्याची भाकरी; वर घेवड्याचं वाटण नि चीज, म्हणून निर्धास्त होऊ नका. खाली बहुधा डुकराची चरबी फासलेली असते. 'सिन मान्तेका, सिन कार्ने' म्हणजे चरबी नको, मांस नको, हे पाठच करा. बाजारात टोपलीत लालसर, मसालेदार दिसतील ते शेंगदाणे नव्हेत, भाजलेले नाकतोडे!

२३ डिसेंबर साधलात तर मुख्य चौकात मुळ्यांतून कोरलेली चित्रं बघा. रांग लांबलचक लागते, दुपारीच गाठा.