डोंगरामागचा उजेड

अनेक आशीर्वाद.

तुझी चारही चित्रं भिंतीला टेकवून दोन दिवस समोर ठेवली. हात चांगला आहे, हे आधी सांगते. पण डोंगर चिनी शाईचा, आणि पायथ्याची घरं जलरंगाच्या वर्गात शिकवतात तशी, डावीकडून ऊन पाडलेली. मधली शिवण दिसते. दोन्ही शैली तू शेजारी शेजारी ठेवल्या आहेस, त्या एकजीव झालेल्या नाहीत.

चिनी चित्रकार ली खरान (1907–1989) यांची निसर्गचित्रं पुन्हा बघ. 1929 मध्ये ते हांगचौच्या कला अकादमीत एका फ्रेंच शिक्षकाकडे तैलरंग शिकले. आणि पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर, नाव झालेलं असताना, बेजिंगमध्ये शाईचित्रांचे उस्ताद, ऐंशी ओलांडलेल्या छी पाइशींचे शिष्य झाले! रेघ सावकाश ओढायची, हे तिथे कळलं. निसर्गचित्रकार ह्वांग बिनहोंग यांच्याकडून थरावर थर शाई चढवणं घेतलं. मग 1954 मध्ये दोन चित्रकार मित्रांबरोबर दक्षिणेकडे गेले आणि डोंगर-नद्या प्रत्यक्ष समोर बसून रंगवल्या.

त्यांचा डोंगर जवळजवळ काळा असतो. उजेड मागून येतो, झाडांच्या कडांवर बारीक उजळ रेघ राहते, आणि त्या काळोखातून धबधबा दोऱ्यासारखा उतरतो. तो पांढरा म्हणजे कोरा कागद. सूर्य पाठीमागे ठेवणारी नजर तैलचित्रकाराची आहे, पण काम सगळं शाईनेच केलंय. तिथे शिवण शोधून दाखव मला.

परंपरेत सगळी ताकद लावून शिरायचं आणि सगळं धैर्य एकवटून बाहेर पडायचं, असं ते सांगत. तू अजून शिरलेली नाहीस गं. म्हणून महिनाभर रंगांचा डबा बंद ठेव. शाईची कांडी घे, दगडावर थेंब थेंब पाणी घालून सहाणेवर चंदन उगाळतो तशी उगाळ. घाई केलीस तर कणी राहते आणि रेघ खरखरीत उमटते. बाटलीतली शाई नुसत्या सरावाला चालेल.

शुआन कागदावर, म्हणजे शाई शोषून घेणाऱ्या चिनी कागदावर, खोडता येत नाही, पुसता येत नाही. कुंचला थांबला की तिथे डाग पसरतो. पहिला थर फिका दे आणि पूर्ण वाळू दे. ओल्यावरच पुढचा थर दिलास तर चिखल होतो. माझे पहिल्या वर्षीचे कितीतरी कागद असेच गेले. पाच-सहा थरांनंतर काळा रंग खोल वाटायला लागतो, त्यातून हवा जाते-येते असं वाटतं. तोवर धबधब्याची जागा राखून ठेवायची. पांढरा कागद राखायची सवय जलरंगाने तुला लावलीच आहे, ती इथे पुरेपूर कामाला येईल.

चित्रकार वू ग्वानचोंग यांच्याबद्दल विचारलंस. ते 1950 मध्ये पॅरिसहून परतले आणि शाईकडे बरेच उशिरा वळले. त्यांच्या नाचऱ्या रेघा आणि रंगीत ठिपके मलाही फार आवडतात. पण ते सोपं दिसतं, म्हणून सध्या लांब राहा.

पुढच्या चित्राचा फोटो पाठवशील तेव्हा कागदाच्या मागच्या बाजूचाही पाठव. शाई किती आत उतरली, ते मला तिथे दिसेल.