"शिजवल्यावर भाजीत उरतं काय हो?"

बासष्ट वर्षांच्या काकू. मुतखड्याच्या जुन्या रिपोर्टांची फाईल मांडीवर, पण आधी पुढे केला तो मोबाईल. 'भाजी शिजवली की सत्त्व मेलं' असा कुणीतरी ढकललेला मेसेज. तो वाचल्यापासून दोन महिने रोज सकाळी कच्च्या पालकाचा ग्लासभर रस. घरात मेथी, माठ शिजायचे, पण इतरांसाठी. "मॅडम, शिजवल्यावर उरतं काय हो?"

बरंच उरतं. आचेनं क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घटतं, हे खरं. पण लोह, कॅल्शियम काही जळून जात नाही; थोडं पाण्यात उतरतं, ते पाणी ओतून दिलं तरच वाया. फोडणीतल्या तेलामुळे तर बीटा कॅरोटिन अंगी लागतं, त्यापासूनच शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. आणि मेथीची अख्खी जुडी शिजून जेमतेम दोन वाट्या होते. कच्ची तेवढी कोण चावत बसणार?

मला धास्ती होती ती रसाची. पालकात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला चिकटून खडे करणारा घटक, भरपूर, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. रस त्याच दिवशी बंद करायला लावला, आणि डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगितलं. माठ, चाकवत, चुका हेही पालकाच्याच पंगतीतले. मेथीत ऑक्झलेट त्या मानानं बरंच कमी.

मग विचारलं, "भाजी करता कशी?" आधी चिरून मग धुवायची, हिरवीगार राहावी म्हणून चिमूटभर सोडा, वीसेक मिनिटं गॅसवर. सत्त्व जात होतं ते इथे! सोड्यानं रंग राहतो, क जीवनसत्त्व राहत नाही. म्हटलं, "काकू, धुवून मग चिरा. लसणाची फोडणी, पाण्याचा हबका, सात-आठ मिनिटांत उतरवा. वर लिंबू पिळा, लोह नीट शोषलं जाईल." जेवल्याजेवल्या चहा घेतला की तेच लोह अडतं, म्हणून चहा तासभर तरी लांबवायला सांगितला.

तीन आठवड्यांनी काकू डबा घेऊनच आल्या. मूगडाळ घातलेली मेथी. लसूण जरा करपला होता, पण भाजी झकास.

"चहाचं तेवढं जमत नाही," त्या आपणहून म्हणाल्या. "मी थांबते हो, पण ह्यांना दोनच्या ठोक्याला लागतो. आधण ठेवलं की मग माझाही कप पडतोच."