तिचा शब्द खोडू नकोस

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा आले आणि त्यातली तुर्भे स्टोअर वस्तीतली हकीकत वाचल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. स्त्रियांच्या आजारांवरच्या तुझ्या प्रबंधासाठी घ्यायच्या चाळिसांपैकी ती सहावी मुलाखत. ‘गेल्या सहा महिन्यांत आपणांस योनिमार्गातून असाधारण स्राव झाला आहे काय?’ या प्रश्नाला त्या बाईने ‘नाही’ म्हटले, तू ‘नाही’पुढे खूण केलीस, आणि तू चपला घालत असताना ती तुझ्यामागे दारापर्यंत येऊन म्हणाली, ‘ताई, पांढरं लई जातंय, त्याला काही गोळी असती का?’ आता तो फॉर्म दुरुस्त करावा की नाही, असे तू विचारतेस. तुझे मार्गदर्शक म्हणतात की प्रश्नावली प्रमाणित आहे, तिच्यातला शब्द बदलला तर इतर अभ्यासांशी तुलना करता येणार नाही. शेवटच्या ओळीत तू हेही लिहितेस की हे सगळे सोडून ऐरोलीच्या कंपनीत मिळत असलेली नोकरी धरावीशी वाटते. नोकरीचा निर्णय तुझा आहे. फॉर्मबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही.

तिचा शब्द तसाच लिहून घे. प्रश्नावलीतला मूळ प्रश्न वगळू नकोस, तो वाचून दाखव, उत्तर नोंदव. त्यानंतर त्याच गोष्टीबद्दल तिच्या बोलीत पुन्हा विचार आणि तिचे वाक्य जसेच्या तसे वेगळ्या रकान्यात उतरवून ठेव. दोन्ही उत्तरे प्रबंधात दिसू देत. एकीकडे ‘नाही’ आणि दुसरीकडे ‘पांढरं लई जातंय’, हे अंतर हाच तुझ्या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष ठरू शकतो, आणि तू त्याला चूक समजून झाकायला निघाली आहेस. प्रश्न प्रमाणित असतो तो ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ पोचतो या गृहीतावर. अर्थच पोचला नसेल तर प्रमाण कशाचे? मार्गदर्शकांना हे नम्रपणे, पण लेखी कळव. आणि पहिल्या पाच जणींकडे परत जा. त्यांनीही ‘नाही’च म्हटले होते, हे तू पत्रात ओझरते लिहून पुढे गेलीस, मला ते वाक्य खटकले.

आपल्या भागात हे शब्द किती आणि कसे आहेत, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात तुला मिळणार नाही. ‘पांढरं जातं’ म्हणजे श्वेतस्राव, पण नुसते ‘अंगावरून जातं’ म्हटले की बहुतेक घरांत त्याचा अर्थ रक्तस्राव असतो, आणि ‘अंग बाहेर येतं’ म्हणजे गर्भाशय खाली सरकले आहे. हे तीन वेगवेगळे आजार आहेत, आणि घाईत लिहिणारी मुलगी तिन्ही एकाच रकान्यात कोंबते. ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय. जुनी माणसे ‘गरमी’ आणि ‘परमा’ म्हणतात तेव्हा ती गुप्तरोगांबद्दल बोलत असतात, पण ‘गरमी झाली’ म्हणणाऱ्या तरुण बाईला नुसती लघवीची जळजळ सांगायची असू शकते. तुर्भ्यात मराठवाड्यातली बाई आणि उत्तर प्रदेशातली बाई एकाच नळावर पाणी भरतात. दुसरी ‘सफेद पानी’ म्हणेल. विचारल्याशिवाय अर्थ लावू नकोस. पाळीच्या मध्यावर येणारा पातळ, पारदर्शक, ताणला जाणारा स्राव निरोगी असतो. दह्यासारखा आणि खाज सुटणारा स्राव निराळा, माशासारखा वास येणारा निराळा. हे सारे तिला ठाऊक असते आणि ती अचूक वर्णन करते, तिला फक्त तिच्या भाषेत विचारावे लागते.

तू पुरावा मागशील. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. जगाने त्याआधी गरीब देशांतल्या बाईकडे पाहिले ते प्रसूती आणि संततिनियमन एवढ्यापुरते. तो अभ्यास होण्याआधीही त्या बायका बोलत होत्याच. लिहून घेणारे कोणी नव्हते.

मी हे इतक्या हट्टाने का सांगते, तेही ऐक. १९९३ साली मी कळव्याच्या एका चाळीत अशीच प्रश्नावली घेऊन फिरत होते. विशी ओलांडलेली एक मुलगी, लग्नाला दोन वर्षे झालेली, तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली, ‘कंबर धरते, ओटीपोटात ओढल्यासारखं होतं, घाण पाणी जातं.’ मी माझ्या छापील प्रश्नाकडे पाहिले आणि तिला तो वाचून दाखवला. छापील शब्द ऐकताच ती ओशाळली, ताटलीकडे बघत ‘तसलं काही नाही बाई’ म्हणाली, आणि मी ‘नाही’ लिहिले. तिने ताटलीच्या कडेला खडे बाजूला काढून ठेवले होते, ते मला अजून दिसतात. ओटीपोटातला संसर्ग वेळीच बरा केला नाही तर गर्भनलिका बंद होऊ शकते, हे मला तेव्हा पुस्तकातून तोंडपाठ होते. तीन वर्षांनी ती पुन्हा भेटली तेव्हा मूल होत नाही म्हणून नवऱ्याचे दुसरे लग्न ठरत होते. त्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेले असते तर पुढचे टळले असते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तिने सांगितले होते आणि मी लिहिले नाही, एवढे मात्र खरे आहे.

म्हणून तुला रागाने विचारते: तुझ्या चार पानी पत्रात त्या बाईला तू काय सांगितलेस, हे कुठेच नाही. सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. श्वेतस्रावासाठी तिथे हिरव्या पाकिटातली औषधे मोफत मिळतात, आणि ओटीपोटात दुखत असेल तर पिवळ्या पाकिटातली. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर आजार उलटतो. हे तुला माहीत असूनही तू फॉर्मच्या काळजीत पडलीस. आपण माहिती घ्यायला जातो, तेव्हा रिकाम्या हाताने परत निघण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

वागळे इस्टेटमधल्या मुलांसाठी तू घेतलेल्या लैंगिक शिक्षणाच्या सत्राचेही तसेच झाले. चिठ्ठ्यांच्या डब्यात ‘धातू पातळ झाल्यावर मूल होत नाही का?’ अशी चिठ्ठी आली, तू ‘हा गैरसमज आहे’ असे म्हणून पुढची चिठ्ठी उघडलीस, आणि पुढच्या आठवड्यात निम्मी मुले आली नाहीत. अगं, त्या मुलाने डोळ्यांनी पाहिले आहे! वीर्य बाहेर येते तेव्हा घट्ट असते आणि पंधरा ते तीस मिनिटांत आपोआप पातळ होते, कारण शुक्रजंतूंना त्यातून पोहता यावे लागते. हे त्याला सांग, आणि ‘धातू’ हाच त्याचा शब्द वापरून सांग. या भीतीने खंगणारी मुले आपल्याकडे इतकी होती की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली तिला मनोविकारशास्त्रात ‘धात’ याच लोकांच्या शब्दाने नाव दिले. एका मोठ्या मनोविकारतज्ज्ञाला तो शब्द चालला, आणि तुला तो फळ्यावर लिहिण्याची लाज वाटते?

शाळा शब्दांना घाबरतात, हे मान्य. २००७ साली महाराष्ट्रात शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवण्यात आले, तेव्हाचा गदारोळ मी जवळून पाहिला आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी ते खटला हरले. मासिक मात्र १९५३ साली कर्वे गेले तोपर्यंत चालले. प्रश्न लोकांचा होता, म्हणून ते टिकले असे मी मानते.

मी एका संस्थेतली नोकरी याच कारणावरून सोडली, हे तू कुणाकडून तरी ऐकले असशील. अहवालातून बायकांच्या वाक्यांचा रकाना काढून टाकला गेला, ‘भाषा असभ्य वाटते’ असे कारण दिले गेले, आणि मी सही करण्यास नकार दिला. माझी सहकारी तिथे राहिली, तिने पुढे अनेक वर्षे दवाखाना चालवला आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त बायकांना औषध दिले. मी हटवादी ठरले. तिच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि तरीही तो कागद आज पुन्हा समोर आला तर मी सही करणार नाही. तांदूळ निवडणाऱ्या मुलीला एकदा मी खोडले होते. दुसऱ्यांदा माझ्या हातून ते होणे शक्य नव्हते. तू माझ्यासारखी नोकरी सोडावीस असे मी म्हणत नाही. रकाना मात्र सोडू नकोस.

आणखी एक, कारण हाही शब्दाचाच प्रश्न आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीला ‘सगळं गुपित राहील’ असे वचन देऊ नकोस. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तिच्यावरील अत्याचार कळला तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. काय गुपित राहील आणि काय राहणार नाही, ते तिला समजेल अशा बोलीत आधी सांग, मग वही उघड.

शनिवारी मी मोकळी आहे. बाजार समितीत निवडायला-टिपायला जाणाऱ्या बायका दुपारी दोननंतर घरी असतात, असे तूच लिहिले आहेस. पहिल्या पाच जणींची यादी आणि एक कोरी वही घेऊन दीड वाजता तुर्भे स्टेशनच्या बाहेर थांब. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येते. आधी सहाव्या बाईकडे जाऊ.

तुझी,
ताई