एक यंत्र, वीस विद्यार्थी

प्रश्न : मॅडम, मी यंदापासून ठाण्यातल्या एका कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवतो. बॅच वीस जणांची, द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर एकच. बिघडेल या धास्तीने लॅब असिस्टंटच तो चालवतात. मुलं रांगेने येतात, आकडा जर्नलात उतरवतात आणि जातात. उद्या हीच मुलं महापे-रबाळ्याच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणार. काय करावं?

उत्तर : सर, आधी लॅब असिस्टंटना विश्वासात घ्या. यंत्र बिघडलं की बोलणी त्यांनाच खावी लागतात, म्हणून ते कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांच्याच देखरेखीखाली मुलांना जोडीजोडीने बसवा.

मी टीटीसी पट्ट्यात, म्हणजे त्याच महापे-रबाळ्याच्या औद्योगिक भागात, क्वालिटी कंट्रोल सांभाळत होते, तेव्हा नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायचे. बिअर-लॅम्बर्टचा नियम, म्हणजे द्रावणाची तीव्रता वाढेल त्या प्रमाणात अॅब्सॉर्बन्स (प्रकाश शोषल्याचं माप) वाढतो, हा सगळ्यांना तोंडपाठ! पण ‘अॅब्सॉर्बन्स २.८ आला तर काय कराल?’ विचारलं की उत्तर यायचं, ‘लिहून घेऊ.’ बटणं आम्ही दोन दिवसांत शिकवतो हो. आकड्यावर संशय घ्यायची सवय मात्र तुम्हीच लावू शकता.

ही सवय पोटॅशियम परमँगनेटवर छान लागते. ५२५ नॅनोमीटर तरंगलांबीला सौम्य द्रावणापासून गडद द्रावणापर्यंत रीडिंग घ्यायला लावा आणि आलेख काढू द्या. आधी काही सांगू नका. वरचे बिंदू रेषा सोडून खाली झुकू लागले की मुलं एकमेकांच्या पिपेटला नावं ठेवतील. मग गडद द्रावण दहापट सौम्य करून पुन्हा मोजायला सांगा. आलेलं रीडिंग दहाने गुणलं की आधीच्या आकड्याशी जुळत नाही. कारण मुलांनाच शोधू द्या. अॅब्सॉर्बन्स २ म्हणजे शंभरातला एक भाग प्रकाश पलीकडे पोचला, ३ म्हणजे हजारातला एक. एवढ्याशा प्रकाशात यंत्रातला भटका, म्हणजे नको त्या तरंगलांबीचा, प्रकाशही मिसळतो, आणि साधं यंत्र फसतं.

दुसरा प्रयोग पॅरासिटामॉलचा, २४३ नॅनोमीटरला. ब्लँक, म्हणजे औषध नसलेलं नुसतं द्रावक, क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या चौकोनी नळीत) ठेवा, नमुना मुद्दाम काचेच्या. रीडिंग भलतंच चढेल, कारण काच तिथला अतिनील प्रकाश स्वतःच गिळते. परमँगनेटला तीच काच कशी चालली, हे मुलांनी सांगायचं. जाता जाता क्युव्हेटच्या पारदर्शक बाजूवर अंगठा उमटवूनही एक रीडिंग घ्या. पुढच्या वेळी क्युव्हेट खरखरीत बाजूनेच धरली जाईल.

एक जोडी यंत्रावर असताना बाकीच्यांनी द्रावणं करावीत. खऱ्या चुका बहुधा तिथेच होतात. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला जात असेल तर तेही थांबवा, त्याला ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड लागतं.

आणि जर्नलात ‘रीडिंग नाकारलं, कारण’ असा एक रकाना आखा, त्याला मार्क ठेवा. बाहेरचे परीक्षक कुरकुरतील, कुरकुरू द्या.