जुनी हिरो एक्सपल्स २०० मोटारसायकल घेतली, नागपूरबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) खड्ड्यात खाडकन बसतो. कडक स्प्रिंग टाकू का?

लगेच नको; आधी फोर्क ऑइल आणि सील बदला, सॅग (तुम्ही बसल्यावर गाडी किती दबते ते) मोजा, स्प्रिंगचं मग बघू. मी हीच गाडी रामटेककडच्या मुरमाच्या वाटांवर चालवतो. जुन्या गाडीत बहुतेक वेळा स्प्रिंग ठीक असते, ऑइल मात्र काळं पडून पार पातळ झालेलं असतं, त्यात आपला ४५ अंशांचा मे महिना. सील टाकण्याआधी फोर्कच्या नळीवर नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा आहे, तो घासून गुळगुळीत केल्याशिवाय नवीन सीलही गळणार. ऑइल फोर्कच्या दोन्ही पायांत (नळ्यांत) अगदी सारख्या पातळीवर भरा. तरीही फोर्क तळाला आपटला तर पातळी ५-१० मिमी वाढवा. आत हवेला जागा कमी उरते आणि शेवटचा टप्पा कडक होतो.

मागचा सॅग असा मोजा: चाक उचलून अ‍ॅक्सलपासून सरळ वर टेलपर्यंतचं अंतर घ्या, मग हेल्मेट-बुटांसह बसून परत घ्या. फरक ५०-५५ मिमी हवा, म्हणजे १७० मिमी ट्रॅव्हलचा (चाक वर-खाली होण्याच्या एकूण अंतराचा) साधारण तिसरा हिस्सा. प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्या सेटिंगच्या) १० पायऱ्यांनी तो जुळवा. प्रीलोडने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नाही, हे मेकॅनिकही विसरतात.

तुमचं वजन ९०-९५ किलोच्या वर असेल किंवा मागे नेहमी सामान असेल, आणि शेवटच्या पायरीवरही गाडी जास्त बसत असेल, तर मात्र कडक स्प्रिंगच लागेल.