अजिनोमोटोमुळे खरंच अपाय होतो का? चायनीजच्या गाडीवर खाताना नेमकी कशाची काळजी घ्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहता. नऊ वर्षांचा मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा गाडीवरचं चायनीज मागतो. सासूबाई म्हणतात, अजिनोमोटोने मेंदूवर परिणाम होतो, कॅन्सर होतो. गाडीवाला म्हणतो, आम्ही अजिनोमोटो घालतच नाही. आणि तुम्हाला स्वतःला खाल्ल्यावर घसा कोरडा पडतो, डोकं जड होतं. यातलं खरं काय?

माझं काम खाद्यपदार्थांच्या तपासणीचं आहे, म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं. जेवणात पडतं तेवढ्या प्रमाणात अजिनोमोटो, म्हणजेच एमएसजी, निरोगी माणसाला घातक असल्याचा भक्कम पुरावा नाही. पण त्या प्लेटमध्ये काळजी करण्याजोग्या दोन-तीन गोष्टी नक्की आहेत, आणि अजिनोमोटोच्या वादात त्यांच्याकडे कुणी बघतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अजिनोमोटो हा एका जपानी कंपनीचा ब्रँड. पदार्थ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, एमएसजी. किकुनाए इकेदा या टोकियोच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून त्यातलं ग्लुटामेट वेगळं केलं, आणि १९०९ पासून हा पदार्थ बाजारात आला. आज तो उसाची मळी, मका किंवा साबुकंदाचा स्टार्च यांवर जिवाणू वाढवून, आंबवून करतात. यातलं ग्लुटामेट म्हणजे प्रथिनांमध्ये असतंच ते अमिनो आम्ल. पिकलेला टोमॅटो, मटार, मुरवलेलं चीज यांत ते मोकळ्या स्वरूपात भरपूर असतं. आईच्या दुधातही ते गाईच्या दुधाच्या कितीतरी पट असतं. आपल्याकडे वांग्यात सोडे किंवा सुकट घातली की भाजीला जी चव चढते, तीही याच जातीची: सुक्या मासळीतलं इनोसिनेट नावाचं द्रव्य आणि ग्लुटामेट एकत्र आले की एकमेकांची चव अनेक पटींनी वाढवतात. शरीराला टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि पुडीतलं ग्लुटामेट यांत फरक कळत नाही. खाल्लेलं बहुतेक सगळं ग्लुटामेट आतड्याच्या पेशी स्वतःच इंधन म्हणून वापरून टाकतात. रक्तात थोडं पोचतं, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर ते सहज आत जाऊ देत नाही.

मग ही भीती आली कुठून? १९६८ साली रॉबर्ट हो मान क्वोक या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला एक पत्र लिहिलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशक्तपणा वाटतो, असं त्यात होतं. कारण म्हणून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकाची वाइन, एमएसजी आणि जास्तीचं मीठ असे सगळेच संशयित मांडले होते. लोकांच्या लक्षात फक्त एमएसजी राहिलं. पुढच्याच वर्षी जॉन ओल्नी या अमेरिकी संशोधकांनी नवजात उंदरांच्या मेंदूला इजा झाल्याचं दाखवलं. तो प्रयोग खरा होता, पण त्यात एमएसजी कातडीखाली टोचलं होतं आणि मात्रा होती शरीराच्या दर किलोमागे अर्धा ते चार ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला हे प्रमाण लावलं तर ३० ते २४० ग्रॅम होतं, तेही खाऊन नव्हे, टोचून. ‘मेंदूवर परिणाम होतो’ या वाक्याचं मूळ हेच आहे.

उलट बाजूचा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. ‘आम्हाला एमएसजीचा त्रास होतो’ असं स्वतः सांगणारे १३० लोक घेतले. त्यांना कधी एमएसजीचं पेय, कधी तसंच दिसणारं साधं पेय दिलं. कोणतं कोणतं, हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मात्रा ५ ग्रॅम, जेवणाशिवाय. पुन्हा पुन्हा तपासल्यावर सातत्याने एमएसजीलाच प्रतिक्रिया देणारे जेमतेम दोघं उरले, आणि त्यांचीही लक्षणं दर वेळी तीच नव्हती. जेवणासोबत दिल्यावर त्रास दिसलाच नाही. म्हणून रिकाम्या पोटी तीन ग्रॅमच्या वर घेतलं तर काहींना तात्पुरती डोकेदुखी, बधिरपणा किंवा चेहऱ्यावर गरम वाटणं होऊ शकतं, इतपत मी मान्य करतो. कॅन्सरचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या कर्ककारकांच्या यादीत एमएसजी नाही.

मात्रेबाबत मात्र तज्ज्ञ संस्थांचं एकमत नाही, आणि हे लपवू नये. अन्नातल्या भर-पदार्थांवरच्या जागतिक तज्ज्ञ समितीने १९८७ साली ठरवलं की एमएसजीला दैनंदिन मर्यादेचा आकडा घालायची गरज नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ साली आकडा घातला: शरीराच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम, तोही ग्लुटामिक आम्लाच्या हिशोबाने. उंदरांवरच्या ज्या मात्रेपर्यंत काहीही अपाय दिसला नव्हता, तिला शंभराने भागून हा आकडा काढला आहे, म्हणजे तो बराच सावध आहे. एमएसजीमध्ये रूपांतर केलं तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण २.३ ग्रॅम, आणि तुमच्या मुलाचं वजन २५ किलो धरलं तर त्याला साधारण एक ग्रॅम. चहाचा सपाट पाव चमचा म्हणजे एवढं. गाडीवर कढईत चमचा उलटा करून टाकतात, मोजून नाही, त्यामुळे मुलाच्या वाटणीला यापेक्षा जास्त येऊ शकतं. रोज असेल तर मी हे टाळायला सांगेन. पण रोज असेल तर त्याच्या आधी मीठ टाळायला सांगेन, कारण तिथला हिशोब जास्त वाईट आहे.

एक प्लेट फ्राइड राइस घ्या. समजा त्यात अर्धा चमचा, म्हणजे २ ग्रॅम एमएसजी पडलं. एमएसजीत सोडियम १२ टक्के, म्हणजे २४० मिलिग्रॅम झालं. वरून ३ ग्रॅम मीठ पडलं, तर मिठात सोडियम ३९ टक्के, म्हणजे जवळजवळ १,१८० मिलिग्रॅम. मोठा एक चमचा सोया सॉस म्हणजे आणखी ९०० च्या आसपास. एकूण २,३०० च्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठी पूर्ण दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम आहे. शेजवान चटणी आणि मंचुरियनची ग्रेव्ही तर अजून धरलेलीच नाही. या सगळ्यात एमएसजीचा वाटा जेमतेम दहावा. तुमचा घसा कोरडा पडतो, रात्री उठून पाणी प्यावं लागतं, सकाळी डोकं जड वाटतं, त्याचं पहिलं कारण मी इथे शोधेन. ‘नो अजिनोमोटो’चा बोर्ड लावलेला गाडीवाला चव भरून काढायला मीठ आणि सॉस वाढवतो, तेव्हा तुम्ही उलट जास्त सोडियम खाता.

दुसरी गोष्ट भात, आणि ही मला सगळ्यात गंभीर वाटते. फ्राइड राइसला मोकळा, थंड भात लागतो, म्हणून तो दुपारीच शिजवून टोपलीत किंवा पातेल्यात ठेवतात आणि संध्याकाळी सात-आठ वाजता परततात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजवताना ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ठाण्यातली पावसाळी दमट हवा त्यासाठी अगदी सोयीची. हे विष पुन्हा परतल्याने जात नाही. कढईची आच कितीही मोठी असो, उपयोग नाही. लक्षण ओळखीचं आहे: खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या. अशा वेळी घरोघरी एकच वाक्य येतं, ‘अजिनोमोटो बाधला’. बाधलेला असतो तो भात. गाडीवाल्याला अजिनोमोटोचं विचारण्यापेक्षा भात कधी शिजवला आणि कुठे ठेवला, हे विचारा. उघड्या पातेल्यात दुपारपासूनचा असेल तर हक्का नूडल्स मागवा, किंवा उठून दुसरीकडे जा. घरी करताना शिजलेला भात परातीत पातळ पसरा, वाफ गेली की तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. खोल भांड्यात तसाच फ्रिजमध्ये सरकवला तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, तिथेच घोटाळा होतो.

सोया सॉसची बाटलीही बघा. आंबवून केलेला सॉस वेगळा आणि सोयाबीनचा चोथा आम्लात उकळून केलेला स्वस्त सॉस वेगळा. दुसऱ्या प्रकारात ३-एमसीपीडी नावाचं दूषित द्रव्य तयार होऊ शकतं. अशा सॉससाठी कोडेक्सने, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेने, किलोमागे ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. लेबलवर ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’, म्हणजे असंच तोडलेलं वनस्पती प्रथिन, लिहिलेलं असेल, तर तो सॉस घरात आणू नका. मंचुरियनच्या भडक लाल रंगाबद्दल इतकंच सांगतो की २०२४ साली कर्नाटकात गोबी मंचुरियनमध्ये रोडामाइन-बी हा बंदी असलेला रंग सापडला आणि सरकारला आदेश काढावा लागला. हाताला लागून साबणाने न जाणारा लाल रंग मुलाच्या पोटात जाऊ नये.

पाकिटांच्या बाबतीत कायदा असा आहे: भर-पदार्थांच्या यादीत एमएसजीचा क्रमांक ६२१. घातलं असेल तर पाकिटावर तसं लिहावं लागतं, आणि बारा महिन्यांखालच्या बाळांसाठी शिफारस नाही, हेही लिहावं लागतं. सुक्या नूडल्समध्ये ते घालायला परवानगी नाही, सोबतच्या मसाल्याच्या पुडीत आहे. २०१५ च्या मॅगी प्रकरणात एक वाद शिशाचा होता आणि दुसरा ‘नो अॅडेड एमएसजी’ या लेबलचा. तपासणीत ग्लुटामेट सापडतं, पण ते वरून घातलं की कांदा, टोमॅटो, गव्हातून आलं, हे प्रयोगशाळेला सांगता येत नाही. म्हणून २०१६ साली एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, स्पष्ट केलं की ‘एमएसजी नाही’ असा दावा लेबलवर असेल आणि तरी ते सापडलं, तरच कारवाई करायची. ‘यीस्ट एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलेल्या पाकिटातही मोकळं ग्लुटामेट असतंच. ६२७, ६३१ आणि ६३५ या क्रमांकांचे चव वाढवणारे पदार्थ हे त्याचे जोडीदार. ते प्युरिन असल्याने युरिक ॲसिड किंवा गाउटचा त्रास असणाऱ्यांनी हे आकडे बघूनच पाकीट उचलावं.

घरी वापरायचं असेल तर शिक्का असलेलं, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक छापलेलं पाकीट घ्या, सुटं घेऊ नका. एमएसजीचे कण हातावर घेऊन उजेडात धरले तर लांबट, सुईसारखे चमकतात. मिठाचे कण चौकोनी असतात. प्रमाण अर्धा किलो भाजीला किंवा अर्धा लिटर सूपला सपाट पाव ते अर्धा चमचा. त्याहून जास्त घातलं की चव वाढत नाही, जिभेवर एक चिकट, न जाणारी चव राहते. मीठ त्याच वेळी कमी करा, नाहीतर फायदा शून्य. एक लिटर सूपला ८ ग्रॅम मिठाऐवजी ५ ग्रॅम मीठ आणि साडेतीन ग्रॅम एमएसजी घातलं तर सोडियम जवळजवळ चौथ्या हिश्शाने उतरतं आणि सूप अळणी लागत नाही. सासूबाईंना बीपी असेल तर त्यांना हा हिशोब जरूर दाखवा. एक वर्षाखालच्या बाळाच्या जेवणात मात्र घालूच नका. दम्याच्या माणसाला खाल्ल्यावर धाप लागल्याचा अनुभव असेल तर त्यानेही टाळावं.

आता तुमच्या डोकेदुखीचं. ती एमएसजीमुळेच होते का, हे तुम्ही घरीच तपासू शकता. फक्त मोठ्या माणसाने, दमा किंवा ॲलर्जीचा इतिहास नसेल तर, आणि जेवणानंतर दोन तासांनी. कोकम सरबत घ्या, कारण त्याच्या आंबट-गोड-जिऱ्याच्या चवीत एमएसजीची चव लपते. लिंबू सरबतात ती ओळखू येण्याची शक्यता जास्त. घरातल्या दुसऱ्या कुणी आत जाऊन नाणं उडवायचं. छापा पडला तर ग्लासात सपाट अर्धा चमचा एमएसजी, काटा पडला तर दोन चिमूट मीठ, म्हणजे दोन्हीकडे सोडियम जवळपास सारखं राहील. काय घातलं ते त्यांनी लिहून ठेवायचं, ग्लास ठेवून निघून जायचं. समोर थांबले तर चेहऱ्यावरून कळतं. तुम्ही अर्ध्या तासाने, एका तासाने आणि दोन तासांनी काय वाटतं ते लिहायचं आणि ‘एमएसजी होतं’ की ‘नव्हतं’ असा निकाल द्यायचा. दोन-दोन दिवसांच्या अंतराने सहा वेळा करा आणि सहाही वेळा होईपर्यंत कागद उघडू नका. नुसत्या अंदाजाने सहाही बरोबर यायची शक्यता ६४ मध्ये १ असते. सहाही बरोबर आले तर ते कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. तीन-चारच बरोबर आले तर पुढचे पंधरा दिवस सोया सॉस आणि मीठ कमी करून बघा, आणि रात्री दहानंतर चायनीज मागवणं बंद करा.