डब्याची मागची बाजू आधी वाच

प्रिय मित्रा,

क्रिएटिन, व्हे (दुधापासून काढलेली प्रथिनं), बीसीएए (तीन अमिनो आम्लांची पावडर), प्री-वर्कआऊट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) आणि फॅट बर्नर (चरबी जाळण्याच्या नावाने विकलं जाणारं), अशी सप्लिमेंट्सच्या पाच डब्यांची यादी तू पाठवलीस. जिममधल्या गप्पांत प्रत्येकाचं मत वेगळं, त्यामुळे डोकं चक्रावलंय असंही लिहिलंस. शेवटचे तीन डबे खोडून टाक. पहिल्या दोघांविषयी मात्र नीट समजून घे.

क्रिएटिनपासून सुरू करतो, कारण ते खरंच काम करतं. जड सेटच्या, म्हणजे न थांबता केलेल्या उचलींच्या एका फेरीच्या, पहिल्या काही सेकंदांत स्नायू एटीपी हे पेशीतलं तयार इंधन वापरतो, आणि संपलेला एटीपी झटपट भरून देतं ते स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन. हा साठा वाढला की आठव्या रेपला (उचलीला) अडकणारा सेट नवव्या-दहाव्यापर्यंत जाऊ शकतो. मसल बनतो तो त्या वाढीव रेप्समुळे. व्यायामच ढिला असेल तर क्रिएटिनचा फारसा उपयोग नाही.

साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घे, रोज ३ ते ५ ग्रॅम, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. वेळ कोणतीही चालेल, खाडा नको. लोडिंग म्हणजे साठा लवकर भरण्यासाठी सुरुवातीचे ५ ते ७ दिवस रोज २० ग्रॅम, चार भागांत वाटून. घाई नसेल तर त्याची गरज नाही. रोजच्या लहान मात्रेनेही तीन-चार आठवड्यांत साठा तेवढाच भरतो. २० ग्रॅम एकदम घशाखाली घातले तर पोट बिघडतं, आणि मग ‘मला क्रिएटिन सोसत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. थंड पाण्यात ते तळाशी बसतं म्हणून कोमट पाण्यात ढवळ आणि लगेच पी. आदल्या रात्री घोळून ठेवू नकोस. पाण्यात, विशेषतः आंबट पेयात, त्याचं हळूहळू क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य होत जातं.

सुरुवातीच्या आठवड्यांत वजन एक-दोन किलो वाढू शकतं. ते स्नायूंच्या आत धरलेलं पाणी असतं, चरबी नव्हे. कटिंग करणारे, म्हणजे चरबी उतरवणारे, इथेच घाबरून सोडून देतात. इथिल एस्टर आणि क्रिएटिनच्या इतर महागड्या प्रकारांच्या नादी लागू नकोस. मोनोहायड्रेटपेक्षा ते सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही, उलट इथिल एस्टर कमी पडलं.

आता किडनीचा प्रश्न. किडनीचं काम रक्तातल्या क्रिएटिनिनवरून तपासतात, आणि क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात ते थोडं वाढलेलं दिसू शकतं, कारण क्रिएटिनिन क्रिएटिनपासूनच तयार होतं. तपासणीआधी डॉक्टरांना क्रिएटिन चालू असल्याचं सांग. शंका राहिलीच तर सिस्टॅटिन-सी या चाचणीने उलगडा होतो. निरोगी माणसाच्या किडनीला नेहमीच्या मात्रेने इजा होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. किडनीचा आजार आधीपासून असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नकोस.

व्हे हे औषध नाही, ते पावडर झालेलं अन्न आहे. म्हणून आधी जेवण मोज. तीन दिवस वजनकाट्यावर सगळं तोलून प्रथिनांची बेरीज कर. मसल वाढवायचा असेल तर शरीराच्या दर किलोला रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, २.२ च्या पुढे जाण्यात फारसं काही मिळत नाही. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. जेवणातून ९० मिळत असतील तर एक स्कूप पुरे. ११५ मिळत असतील तर व्हेचा डबासुद्धा खोडून टाक.

घ्यायचाच ठरला तर पुढच्या चित्राकडे बघू नकोस, मागचा तक्ता वाच. एका सर्व्हिंगमधली प्रथिनं भागिले सर्व्हिंगचं वजन. ३२ ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये २४ ग्रॅम म्हणजे ७५ टक्के, कॉन्सन्ट्रेट या साध्या व्हेसाठी ठीक. आयसोलेट हे जास्त गाळलेलं व्हे ९० टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) कमी, म्हणून दुधाने पोट फुगणाऱ्यांना ते बरं पडतं. ४५ ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये २० ग्रॅमच प्रथिनं असतील तर तू मुख्यतः साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चची पावडर) विकत घेतोयस. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन वेगळं लिहिलेलं दिसलं तर सावध हो. प्रथिनांची नेहमीची चाचणी नायट्रोजन मोजते, आणि स्वस्तातलं ग्लायसिन मिसळलं की आकडा फुगतो. तपासायचं तर ल्युसिन या अमिनो आम्लाचा आकडा बघ: २५ ग्रॅम खऱ्या व्हे प्रथिनांत ते साधारण अडीच ग्रॅम असायला हवं. आणि स्कूपवर विसंबू नकोस. पावडर दाबली गेली की त्याच स्कूपमध्ये जास्त मावते. काट्यावर तोल.

बीसीएए खोडला कारण त्यात तीनच अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, असतात. स्नायू बांधायला नऊही आवश्यक आम्लं लागतात, आणि पुरेशी प्रथिनं खाणाऱ्याला ती तिन्ही आधीच मिळालेली असतात.

प्री-वर्कआऊटमध्ये जाणवणारा जोर बहुतांशी कॅफीनचा. दर किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोला २१० मिलिग्रॅम, व्यायामाच्या तासभर आधी. कॉफीतूनही ते मिळतं. काही डब्यांच्या एका स्कूपमध्ये ३०० च्या वर असतं आणि निरोगी प्रौढाची दिवसभराची मर्यादा ४०० धरतात. शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला पाचेक तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेल्या २०० पैकी १०० रात्री बारालाही अंगात असतात. झोप बिघडली की व्यायामाचं फळ तिथेच कमी होतं. चेहऱ्याला येणाऱ्या मुंग्या त्यातल्याच बीटा-अलानिन या घटकाच्या. त्यावरून डबा चांगला ठरत नाही, कारण बीटा-अलानिनचा उपयोग आठवडे सलग घेतल्यावर होतो. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (वेगवेगळी मात्रा न सांगितलेलं मिश्रण) असं लिहून एकत्र ५ ग्रॅम दिलेत आणि त्यात सिट्रुलिन हा घटकही आहे? सिट्रुलिन मॅलेटची वापरली जाणारी मात्राच ६ ते ८ ग्रॅम आहे, तेव्हा हिशोब तू स्वतःच कर. पावडर कोरडी तोंडात टाकण्याचा प्रकार तर कधीच करू नकोस: ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि सगळं कॅफीन एका झटक्यात पोटात जातं.

फॅट बर्नरविषयी थोडक्यात. एफेड्रा ही उत्तेजक वनस्पती असलेल्या सप्लिमेंट्सवर अमेरिकेत २००४ मध्ये बंदी आली. डीएनपी नावाने फिरणारं रसायन शरीराचं तापमान इतकं वाढवतं की माणसं मेली आहेत. ते कोणी देऊ केलं तर तिथून निघून जा.

तुमच्या जिममधल्या गप्पांत मिस्टर ऑलिम्पिया ही व्यावसायिक बॉडीबिल्डिंगची सर्वांत मोठी स्पर्धा असणारच, आणि असावी. १९६५ ला पहिली स्पर्धा लॅरी स्कॉटने जिंकली तिथपासून ली हेनी आणि रॉनी कोलमनच्या आठ-आठ किताबांपर्यंत सगळं मनापासून बघण्यासारखं आहे. कोलमनच्या ८०० पौंडांच्या स्क्वॉटबद्दल बोलताना त्याच्या पाठीच्या आणि खुब्याच्या शस्त्रक्रियांबद्दलही बोला. त्या पातळीवरचं शरीर क्रिएटिन-व्हेने बनत नाही. तिथे स्टेरॉइड्स असतात, हे या खेळात सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय स्पर्धेच्या दिवशीची ती चिरेबंद शरीरं अंगातलं पाणी कमी करून आणलेली असतात. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा आणि १९९६ मध्ये अँड्रियास म्युन्त्झर हे बॉडीबिल्डर याच खेळापायी जिवाला मुकले. पडद्यावरच्या उघड्या अंगाच्या दृश्याचंही तसंच: शूटिंगच्या आधी डंबेल मारून पंप घेतलेला, म्हणजे स्नायू तात्पुरते फुगवलेले, प्रकाश बाजूने सोडलेला, आणि ते अंग काही तासांपुरतंच तसं दिसतं. तुझ्या आरशाशी त्याची तुलना लावू नकोस. कोणी ‘पहिली सायकल’, म्हणजे स्टेरॉइड्सचा पहिला कोर्स, सुचवली तर सरळ नाही म्हण. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, ते परत सुरू व्हायला महिने लागतात आणि काहींचं पूर्ववत होत नाही.

पुढे कधी डोपिंग चाचणी असलेल्या स्पर्धेत उतरायचं असेल तर सप्लिमेंटमध्ये लपलेल्या बंदी असलेल्या पदार्थाची जबाबदारीही खेळाडूवरच येते. तेव्हा इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट या तपासणी-प्रमाणपत्रांची खूण असलेलाच डबा घे, बॅच क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर जुळव, आणि पावती जपून ठेव.

क्रिएटिन आणि व्हे दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नकोस, नाहीतर पोट बिघडलं तर कशाने ते कळणार नाही. आधी तीन दिवसांचं जेवण मोज आणि आकडे मला पाठव. मग क्रिएटिन सुरू कर, चार आठवडे. वहीत रोज सकाळचं वजन, झोपेचे तास आणि बेंच प्रेसला एकाच वजनावर किती रेप्स झाल्या एवढंच लिही. व्हेचं त्यानंतर ठरवू.

तुझा हितचिंतक